मुलीचं तोंड आलं तेव्हा

चेन्नईत आल्यावर मला जी नोकरी मिळाली ती नेमकी कसली, हे गावाकडच्या माणसांना सांगताना माझी पंचाईत व्हायची. "झाडपाल्याची औषधं तपासते," म्हटलं की मिरजेच्या मावशीला वाटायचं, मी वैद्य झाले. "विषाणूंवर काम करते," म्हटलं की ती घाबरायची. खरं तर दोन्ही होतं. शहराबाहेरच्या एका दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्ही पानांचे, सालींचे, मुळांचे अर्क काढायचो आणि ओठांवर, हिरड्यांवर फोड आणणाऱ्या विषाणूवर त्यांचा काही परिणाम होतो का ते बघायचो. तापातून उठल्यावर ओठाच्या कडेला पाणीदार पुरळ येतं, ते आणणारा तोच हा विषाणू. निम्म्याअधिक माणसांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि मग मरेपर्यंत नसेत दडून राहतो. आम्हाला त्याच्यावर तोंडात लावता येईल असं एखादं साधं, स्वस्त मलम हवं होतं.

काम बघायला सोपं होतं. प्लास्टिकच्या ताटलीतल्या छोट्या वाट्यांमध्ये पेशींचा एक पातळ थर वाढवायचा, त्यावर विषाणू सोडायचा आणि अर्क घालायचा. काही दिवसांनी जांभळा रंग ओतून धुतला की जिवंत पेशी जांभळ्या दिसायच्या आणि जिथे विषाणूनं पेशी मारल्या तिथे पांढरी भोकं. कसर लागलेल्या कापडासारखी. आमच्या एका सालीच्या अर्कानं ही भोकं अगदीच नाहीशी झाली होती. त्या दिवशी मी घरी येताना मुलीसाठी जिलेबी घेतली होती.

मुलगी तेव्हा दोन वर्षांची होऊन गेली होती. नवरा ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात, पाळ्यांची नोकरी. मी दिवसभर प्रयोगशाळेत. मुलीला सांभाळायच्या त्या खालच्या मामी, आमच्या घरमालकीण. तांबरमचं ते घर आम्हाला मिळालं तेच भाषेमुळे. घर बघायला गेलो तेव्हा नवरा हळूच मला म्हणाला, "पाण्याची टाकी लहान दिसतेय," आणि दारात उभ्या असलेल्या कांजीवरम साडीतल्या बाई म्हणाल्या, "टांकी लहान नाही, वरून तसं दिसतंय." आम्ही दोघं बघतच राहिलो. मामी तंजावरकडच्या मराठी घरातल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान वारलेले, मूलबाळ नाही. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता आणि मध्येच असे जुने शब्द यायचे की मी कान टवकारायची. औषधाला त्या ओखद म्हणायच्या. आमची मराठी त्यांना घाईची वाटायची. "तुम्ही लोक शब्द गिळून टाकता की," असं म्हणायच्या.

मुलगी त्यांच्याच मांडीवर बोलायला शिकली. तिला भूक लागली की ती तमिळमध्ये सांगायची, राग आला की मामींच्या मराठीत. दुपारी झोपवताना मामी तिच्या पायापासून सुरुवात करून एकेका बोटाला मुत्तम् द्यायच्या. मुत्तम् म्हणजे पापी. पाय झाले की हात, हात झाले की गाल. पोर हसत हसत झोपायची. संध्याकाळी मी आणायला गेले की मामी सांगायच्या, "आज शंभर मुत्तम् झाली. तुला एक तरी शिल्लक ठेवलं की नाही, बघ."

त्या उन्हाळ्यात मुलीला ताप आला. दात येत असतील, असं आधी वाटलं. मग तिनं दूध ढकललं. मग पाणीही ढकललं. लाळ गळायला लागली, फ्रॉकचा गळा सारखा ओला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती रडत असताना तिच्या तोंडात मला हिरड्या दिसल्या. लालभडक, सुजलेल्या, दातांच्या कडेनं रक्त. जिभेवर आणि ओठांच्या आतून पांढरट फोड, काही फुटलेले. मी ते चित्र पुस्तकात आणि सादरीकरणांत कितीतरी वेळा बघितलं होतं. मला कुणी निदान सांगायची गरज नव्हती.

नवरा पाळीवरून नुकताच आला होता. तो माझ्या शेजारी वाकला, तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "हे काय झालंय?"

मी नाव सांगितलं.

त्यानं तिची लाळ पुसली. मग अगदी हळू म्हणाला, "तुमच्याकडचाच ना हा?"

"हा सगळीकडेच असतो."

"तसं नाही. म्हणजे तुझ्याबरोबर..."

"नाही आला," मी म्हटलं. "हातमोजे, कोट सगळं तिथेच राहतं. काम बंद कपाटाच्या आत असतं. असा नाही येत तो."

"मी फक्त विचारलं."

त्यानं फक्त विचारलं होतं हे खरंच. पण तो हात धुवायला आत गेला आणि मी स्वतःच्या हातांकडे बघत बसले.

डॉक्टरांकडे जाताना नवरा बरोबर येऊ शकला नाही, त्याला दुसरी पाळी करायची होती. मामी आल्या. रिक्षात मुलगी त्यांच्याच खांद्यावर होती, माझ्याकडे यायलाच तयार नव्हती. डॉक्टरबाई माझ्याशी इंग्रजीत बोलत होत्या. त्यांनी तोंड तपासलं आणि मला जे माहीत होतं तेच सांगितलं. विषाणूवरचं नेहमीचं औषध सुरुवातीलाच दिलं तर जास्त उपयोगी पडतं, आता फोड सगळीकडे आले आहेत, तरी देऊ या. दुखणं कमी करायला दुसरं देऊ. मुख्य म्हणजे पाणी पोटात गेलं पाहिजे. मुलगी मामींच्या मांडीवर बसली होती म्हणून असेल, पुढचा प्रश्न त्यांनी मामींना विचारला, तमिळमध्ये. माझं तमिळ तेव्हा भाजीबाजारापुरतं होतं, पण 'ओठ' आणि 'फोड' हे शब्द कळले.

मामी मुलीचा फ्रॉक सारखा करत राहिल्या. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं. मग मामी माझ्याकडे वळल्या आणि शाळेत उत्तर वाचून दाखवावं तशा स्पष्टपणे म्हणाल्या, "त्या विचारतात, घरीं कोणाच्या ओठावर पुण्, फोड आलतं काय. मागच्या आठवड्यात."

तेव्हा मी पहिल्यांदा मामींच्या ओठाकडे नीट बघितलं. डाव्या कोपऱ्यात खपली पडून गेल्याची फिकट गुलाबी खूण होती.

"आमा," मामी डॉक्टरबाईंना म्हणाल्या. हो. "मला आलतं. उष्णतेचं समजलें मी."

डॉक्टरबाई सहज म्हणाल्या की असं होतंच, घरातल्या कुणाकडून तरी मुलांना मिळतंच, त्यात काही विशेष नाही. त्या औषधं लिहायला लागल्या. मामींनी मुलीला उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्या दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. मुलगी त्यांच्याकडे हात पसरून रडायला लागली. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडे बघत राहिल्या.

घरी येताना रिक्षात मी त्यांना समजावत होते. की फोड नसतानाही तो लाळेतून पसरतो. की माझ्याकडून असेल, तिच्या बाबांकडून असेल, बागेतल्या कुठल्या पोराकडून असेल. की कुणाकडून आला हे आता कुठल्याच तपासणीत कळणार नाही.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण फोड माझ्याच ओठावर होतं न्हवं?"

मी रिक्षावाल्याला आमचं फाटक दाखवलं.

पुढचे दिवस कसे गेले हे सलग आठवत नाही. आठवतं ते चमच्यानं पाणी पाजणं. ती तोंड घट्ट मिटायची, मी नाक धरायचे, मग मलाच ते सहन व्हायचं नाही आणि सोडून द्यायचे. थंड ताक, शहाळ्याचं पाणी, फ्रिजमधलं दही, कशानंही झोंबायचं. ती भुकेनं रडायची आणि घास जवळ आणला की भीतीनं रडायची. नवरा कामावरून आला की दारातच विचारायचा, "प्यायली का काही?" आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून उत्तराची वाट न बघता आत जायचा.

मामी वर यायच्या, पण उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहायच्या. त्यांच्या गच्चीत कुंडीत मणत्तक्काळी होती. काळ्या बारीक फळांची भाजी, इकडे तोंड आलं की हमखास करतात. त्यांनी ती नारळाच्या दुधात अगदी मऊ शिजवून, गाळून पातेल्यात आणली. "माझ्या आईनं आम्हां सगळ्यांना दिली. तिखट नाही, मीठ नाही. बघ, घेतीय काय." मी एक चमचा कसाबसा तिच्या तोंडात घातला. तो तिनं माझ्या साडीवर थुंकला. मामी बाहेरून बघत होत्या. पातेलं परत घेताना म्हणाल्या, "तुम्ही ते झाडाचं ओखद करता न्हवं, कॉलेजांत? ते मारतं म्हणत होतीस."

"ते पेशींवर, मामी. माणसावर नाही अजून."

"झाडाचंच न्हवं ते?"

"झाडाचंच आहे. पण तसं नाही चालत."

नवराही त्याच संध्याकाळी तेच म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "एवढी वर्षं करतेयस तू हे. थोडं आणून लावून बघायला काय हरकत आहे? आणखी काय वाईट होणार आहे?"

मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. आमच्या त्या सालीच्या अर्कानं भोकं नाहीशी होत होती हे खरं होतं, पण विषाणू आणि अर्क आधीच एकत्र ठेवले तर. अर्क विषाणूला बाहेरच्या बाहेर धरून ठेवायचा, पेशीला चिकटू द्यायचा नाही. एकदा का विषाणू पेशीत शिरला की मग अर्काचा काही उपयोग नव्हता. आधी लावलं तर चालायचं, नंतर लावलं तर नाही. त्याच काळात मी ही नंतरची मोजणी पुन्हा करून बघत होते, कारण पहिल्या वेळेला आलेलं उत्तर प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांना पटलं नव्हतं. मलाही पटवून घ्यायचं नव्हतं.

"म्हणजे आता उपयोग नाही," नवरा म्हणाला.

"नाही."

"मग तो कधी लावायचा? माणसाला फोड आल्यावरच कळणार ना?"

हाच प्रश्न होता. एका वाक्यात त्यानं तो विचारला आणि बादली घेऊन मुलीचे कपडे धुवायला गेला.

ताटल्या रंगवायची वेळ टळण्यासारखी नव्हती म्हणून एका दुपारी मी नवऱ्याला घरी थांबवून प्रयोगशाळेत गेले. जांभळा रंग ओतला, नळाखाली धुतला, ताटल्या उजेडाला धरल्या. वरच्या ओळी स्वच्छ, जांभळ्या, अखंड. त्या अर्क आधी घातलेल्या. खालच्या ओळींत भोकंच भोकं, त्या नंतरच्या. अर्क कितीही वाढवला तरी तेच. शेवटच्या वाट्यांमध्ये तर अर्कच इतका झाला होता की त्यानंच पेशी मेल्या होत्या.

त्याच अर्काचं मलम करून बघितलं होतं, त्याच्या डब्या शीतपेटीत खालच्या कप्प्यात होत्या. मी दार उघडून बसले होते. किती वेळ ते माहीत नाही, पण पेटीचा भोंगा वाजायला लागला आणि सर आले. आमचे सर वयानं मोठे, अबोल, मदुराईकडचे. त्यांनी माझ्या हातातली डबी बघितली.

"बाळ कसं आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"पाणी घेत नाही."

"यात अल्कोहोल राहिलेला असतो. उघड्या हिरडीला तो सोसणार नाही."

"माहीत आहे."

"आणि आत शिरल्यावर..."

"तेही माहीत आहे, सर. ताटल्या आत्ताच धुतल्या."

त्यांनी ताटल्या बघायला मागितल्या नाहीत. डबी माझ्या हातातून घेऊन जागेवर ठेवली, दार लावलं आणि म्हणाले, "तू घरी जा. इथलं मी आवरतो." जिन्यात मी थोडा वेळ उभी राहिले. माझा ज्याच्यावर विश्वास होता ते सगळं त्या इमारतीत होतं आणि त्यातलं काहीही मला घरी नेता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीनं सकाळपासून लघवी केली नाही. डोळे खोल गेले, रडताना डोळ्यांतून पाणी येईना. डॉक्टरबाईंनी लगेच दवाखान्यात ठेवून घेतलं आणि सलाईन लावलं. नस सापडेना. दोन परिचारिकांनी तिला धरलं, मी पाय धरले. ती "मामी, मामी" म्हणून ओरडत होती, आई म्हणून नाही. मामी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. परिचारिकेनं दार उघडून तमिळमध्ये म्हटलं, "मामी कोण? आत या, बाळ बोलावतंय." मामी उठल्या, दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

"या ना," मी म्हटलं.

"नको," त्या म्हणाल्या. "मी इथूनच बोलतें." आणि दारातूनच तिला म्हणायला लागल्या, पायाची बोटं मोजायचं ते त्यांचं तमिळ गाणं. आवाज स्थिर होता. सुई गेली. मुलगी हुंदके देत ऐकत राहिली.

सलाईननं तिला तरतरी आली. मग ताप उतरला, आणि काही दिवसांनी फोडही आपले आपण वाळले. हा आजार असाच जातो. ज्या सकाळी तिनं न रडता दहीभात खाल्ला त्या सकाळी नवरा ताटासमोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याची कंपनीची बस चुकली.

मी पुन्हा कामावर जायचं ठरवलं तेव्हा मामींनी मुलीला ठेवून घ्यायला नकार दिला. तब्येतीचं कारण सांगितलं. एका ओळखीच्या बाईंचं पाळणाघर त्यांनीच शोधून दिलं, पहिल्या दिवशी स्वतः येऊन तिथलं स्वयंपाकघर बघून गेल्या. मी एकदा खाली जाऊन त्यांच्याशी सरळ बोलले. म्हटलं, "मामी, आता तो तिच्या अंगात आहे. एकदा झाला म्हणजे झाला. तुमच्यामुळे तिला आता काहीही होणार नाही. हे मी आई म्हणून नाही सांगत, माझं काम म्हणून सांगते."

"तूं खरंच सांगतीस," मामी म्हणाल्या. "मला कळतं. मी गणित शिकवलेली आहे." मग कोथिंबीर निवडत राहिल्या. "पण हात जात नाही ग तिच्याकडे."

मुलगी फाटकातून आत आली की धावत त्यांच्याकडे जायची. मामी पदर तोंडावर धरून, दुसऱ्या हातानं तिचं डोकं जरा लांबूनच कुरवाळायच्या. तिनं विचारलं, तर "मला खोकला आहे, कन्ना," असं लाडानं म्हणायच्या. काही महिन्यांनी मुलीनं धावणं सोडलं. पायरीवर उभी राहून "मामी, खोकला गेला?" एवढं विचारायची आणि उत्तर ऐकून वर यायची.

आमचा प्रकल्पही पुढे सरकला नाही. पेशींवर चालणारं लाळेत चालेना. लाळेतली प्रथिनं अर्काला धरून ठेवत आणि विषाणू मोकळा राही. मलम तोंडात टिकत नव्हतं, ते वाहून जायचं. सरांनी अहवाल लिहिला, त्यात जे दिसलं ते सगळं लिहिलं, नंतरच्या ओळींसकट. दुसरा निधी मिळाला नाही. मी आता शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत आहे. दुसऱ्यांनी केलेल्या औषधचाचण्यांची माहिती दिवसभर संगणकावर तपासते.

मुलगी पाच वर्षांची असताना तिला साधा सर्दीताप आला आणि उतरताना ओठावर फोड आला. पहिल्यांदाच पुन्हा. मला तो येणार हे माहीत होतं, केव्हा ते माहीत नव्हतं. शाळेत पाठवलं नाही. हात लावू नकोस, कुणाच्या ग्लासातलं पिऊ नकोस, असं सांगत राहिले. तिनं विचारलं, "बाबांची पापी?" मी म्हटलं, "आत्ता नको." ती गच्चीच्या जिन्यावर जाऊन एकटी बसली.

मामी वाळवण घालायला वर जात होत्या. त्यांनी तिला बघितलं. मी दारातून बघत होते. मामी एक पायरी खाली उतरल्या आणि वाकून तिचा ओठ निरखला.

"दुखतं काय?"

"थोडं. मला कुणी पापी नाही द्यायची. त्यांना होईल."

मामींनी वाळवणाचं सूप पायरीवर ठेवलं. मग तिच्या शेजारी बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला तर आहेच. मला आणखी काय होणार?" आणि त्यांनी तिला मांडीवर ओढलं. एवढी वाढलेली पोर, तिचे पाय दोन पायऱ्या खाली लोंबत होते. मामींनी तिच्या केसांत तोंड खुपसलं.

आठवडाभर ती रोज शाळेच्या वेळात खालीच होती. खपली पडली आणि ती पुन्हा शाळेत जायला लागली. त्या संध्याकाळी ती फाटकातून धावत आत आली तेव्हा मामी तुळशीला पाणी घालत होत्या. तिचा ओठ आता स्वच्छ होता. त्यांनी तिला लांबूनच थांबवलं आणि पुन्हा पूर्वीसारखा पदर ओठांवर घेतला. मी मागून दप्तर घेऊन येत होते. काहीतरी म्हणावं म्हणून तोंड उघडलं, पण जे म्हणण्यासारखं होतं ते सगळं माझं त्यांना आधीच सांगून झालं होतं.